गिरिजाबाई दारात बसल्या

२ एप्रिल २०२५, मुरुम

सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सातवीत असताना एका दुपारी भुवीचं शाईचं पेन गळलं. आम्ही दोघी नळावर गेलो, साबणाच्या एकाच तुकड्यानं बोटं घासली, आणि सिस्टरनी पाहू नये म्हणून माझ्या युनिफॉर्मच्या आतल्या बाजूला हात पुसले. एवढंच. पुढं काही घडलं नाही. पण आज टेंपोतून सामान उतरवताना बोटं काळी झाली आणि ती दुपार जशीच्या तशी समोर आली. शेहेचाळीस वर्षं झाली त्याला.

हे घर भुवीनंच दिलं. भुवी म्हणजे भुवनेश्वरी, आमच्या शिक्षणसंस्थेची अध्यक्ष. तिच्या शाळेत मी एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मार्चअखेर पट कमी झाला म्हणून मला घरी बसवलं. नोकरी गेल्याचं दुःख एक, आणि कर्जाचं दुसरं. सात वर्षांपूर्वी शाळेच्या नव्या इमारतीसाठी आम्हा सगळ्यांच्या नावावर पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. पैसा संस्थेनं घ्यायचा, हप्ते संस्थेनं भरायचे, सही मात्र आमची. दोन वर्षं हप्ते गेले, मग थांबले. माझ्या नावावर आज व्याजासकट अकरा लाख चाळीस हजार आहेत. सोलापूरचं घर माझ्या यजमानांच्या, शिवप्रसादांच्या, शेवटच्या आजारपणात आधीच गेलं. मुलगी अर्पिता पुण्यात नोकरी करते, पण तिच्या पगारातून अजून वडिलांच्या ऑपरेशनचे हप्ते कापले जातात. तिच्याकडे हात पसरायचा नाही, हे मी ठरवलंय.

तरी आज मन हलकं आहे. दोन खोल्या, वर पत्रा, समोर शहाबादी फरशीची रुंद पायरी आणि पायरीवर लिंबाची सावली. संस्थेचं जुनं क्वार्टर आहे, भाडं नाही. शेजारच्या लक्ष्मम्मांनी गरम धपाटे आणि दही पाठवलं. शिकवणीला तीन मुलंही मिळाली. थोडं थोडं करून फेडीन. एवढ्या वर्षांत एवढी शांत झोप आली नव्हती, असं उद्या लिहायला मिळावं.

४ एप्रिल

दुपारी बाराच्या सुमारास पायरीवर एक बाई बसलेली दिसली. साठीची असावी. विटकं हिरवं लुगडं, अनवाणी पाय, तोंड माझ्या दाराकडे. ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. विचारलं तर बोलली नाही. दारी आलेल्याला गूळपाणी द्यायचं हे आईनं शिकवलं आणि तहानलेल्याला परत पाठवायचं नाही हे सिस्टरनी. मी पेलाभर पाणी आणि गुळाचा खडा दिला. तिनं पेला माझ्या हातातून घेतला, एका दमात रिकामा केला आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, जसं एखादी हिशेब जुळल्यावर पाहते.

दिवेलागणीला ती नव्हती. पेला पायरीवर होता. आतून कोरडा ठणठणीत. ओठ लागल्याची ओलसुद्धा नव्हती.

८ एप्रिल

ती रोज येते. बाराला येते, दिवे लागले की जाते. येताना दिसत नाही आणि जाताना दिसत नाही. बसलेलीच दिसते. दुसऱ्या दिवसापासून पाणी घेत नाही.

काल शिकवणीची सोनाली चपला काढायला नेमकी तिच्या मांडीवर टेकली. म्हणाली, मॅडम, इथली फरशी कसली गार हाय वो! एप्रिलच्या दुपारी. मुलांना आता सकाळी सातला बोलावलंय.

१३ एप्रिल

घास गिळवत नाही. भाकरी चावावी तर तोंडात कोंडा होतो, जिभेवर नुसता फिरत राहतो. सकाळी ती नसते तेव्हा पेजेचे चार घोट जातात, तेवढेच. आरशात गालाची हाडं दिसायला लागली आहेत.

पतसंस्थेचा वसुलीवाला कोंडीराम आज इथंही येऊन धडकला. भर गल्लीत मोटारसायकल लावून म्हणाला, मॅडम, तुमी एवढ्या शिकल्यासवरल्या, विंग्रजी फाडफाड बोलता, अन् आमाला चकरा मारायला लावता व्हय! तो पायरीवर पाय ठेवून उभा होता. त्याचा बूट तिच्या पदरावर होता. ती माझ्याकडेच पाहत होती. वसुलीला आलेली माणसं दोन होती, एवढं मला त्या क्षणी कळलं.

१७ एप्रिल

आज लक्ष्मम्मांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. पहिलं त्यांनी एकच विचारलं, टीचरबाई, तुमी तिला पानी तर न्हाय दिलं?

दिलं म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग सांगितलं ते असं. त्या बाईचं नाव गिरिजाबाई. संस्थेच्या इथल्या वसतिगृहात आया होती, याच खोल्यांत राहायची. तिच्याही नावावर दोन लाखांचं कर्ज काढलं होतं. अंगठा तिचा, पैसा संस्थेचा. वसुलीवाल्यांनी भांडीकुंडी नेली तेव्हा ती उमरग्याला जाऊन भुवीच्या बंगल्याच्या दारात बसली. गेल्या मे महिन्यात, चार दिवस. एकच म्हणायची, माझ्या नावाची बेबाकी माझ्या हातात द्या. बेबाकी म्हणजे देणं फिटल्याचा दाखला. भुवी एकदाही बाहेर आली नाही. कुणी पाणी द्यायचं नाही अशी ताकीद होती. चौथ्या दिवशी तिला गाडीत घालून इथं आणून टाकलं. या पायरीवरच ती गेली.

मी विचारलं, मग ती माझ्याकडे का? लक्ष्मम्मा म्हणाल्या, आमच्याकडं जुनी माणसं सांगायची, देण्यासाठी दारात बसलेला उपाशी बसतो, आणि घरातल्याच्याही नरड्याखाली घास उतरू देत न्हाय. त्यानं घरच्या हातचं पाणी घेतलं, की ज्यानं दिलं त्यानं देणं कबूल केलं. दुसऱ्या खऱ्या देणेकऱ्यानं आपल्या हातानं पाणी पाजलं तरच सुटका. नाहीतर बेबाकी.

त्यात आणखी एक आहे, जे मी त्यांना सांगितलं नाही. कर्ज काढलं त्या दिवशी स्टाफरूममध्ये भज्यांच्या बशा फिरत होत्या आणि कागद फिरत होते. प्रत्येकीनं दुसरीच्या कागदावर जामीनदार म्हणून सही केली. गिरिजा नावाच्या कुठल्याशा आयाच्या कागदावर माझी सही आहे. मी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

आणि अजून एक. किल्ली देताना भुवीनं माझा हात हातात घेतला होता. म्हणाली होती, रंजू, गावाकडची माणसं आहेत, दारात कुणी आलं तर पाणी देत जा हो.

तिला माहीत होतं. तीही याच मातीतली आहे. तिला सगळं माहीत होतं.

१८ एप्रिल

झोपले नाही. भीतीनं नव्हे. एकोणीस वर्षं मी तिच्या नातेवाइकांची मुलं फुकट शिकवली. तिच्या भाषणांचं इंग्रजी मी लिहून दिलं. तिच्या सासूच्या तेराव्याला पोळ्या लाटल्या. आणि तिनं मला या पायरीवर आणून ठेवलं, जसं उंदरासाठी सापळ्यात खोबऱ्याचा तुकडा ठेवतात.

मला माझी भूक कळत नाही. दुसरंच काही तरी पोटात पेटलंय आणि त्यानं बरं वाटतंय.

२० एप्रिल

पुण्याला निघून जावं म्हणून सकाळी स्टँडवर गेले. बारापर्यंत बस लागली नाही. लागली तेव्हा तिच्या दाराच्या पायरीवर गिरिजाबाई बसल्या होत्या. लोक त्यांच्यातून चढत होते. कंडक्टर ओरडला, ओ मावशी, यायचं का न्हाय, का इथंच संसार मांडताव?

परत आले. एक गोष्ट मात्र समजली. त्या घराला बांधलेल्या नाहीत. मी जिथं जाईन तिथं येतात.

म्हणजे मी त्यांना कुठंही नेऊ शकते.

२३ एप्रिल

बाजारपेठेत फलक लागलाय. बसवजयंतीला संस्थेतर्फे पाणपोई. उद्घाटन अध्यक्षांच्या हस्ते, दुपारी बारा वाजता. भुवी दरवर्षी करते. पहिला पेला स्वतःच्या हातानं देते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो.

अजून सात दिवस तग धरायचा. सकाळी पेज. मीठ घालून दोन वाट्या. उलटली तरी पुन्हा.

३० एप्रिल

सगळं लिहिणार आहे.

लक्ष्मम्मांच्या हाताला धरून गेले. मांडव, हार, बसवेश्वरांची तसबीर, लाल कापड गुंडाळलेले रांजण. मी सगळ्यांत पुढं उभी राहिले. बारा वाजले आणि माझ्या पायाशी, टेबलासमोर, गिरिजाबाई बसलेल्या दिसल्या. तोंड पहिल्यांदाच माझ्याकडे नव्हतं.

भुवीनं मला पाहिलं. मी इतकी वाळलेली पाहून तिचा चेहरा क्षणभर हलला. मला वाटलं लाजली. पण नाही, ती सुखावली होती. माइकवर म्हणाली, या माझ्या बालमैत्रीण, आमच्या जुन्या शिक्षिका, पहिलं पाणी यांनाच. फोटोवाला सरसावला. तिनं पेला पुढं केला.

मी बाजूला सरकले.

पेला हवेत थांबला. मग तिच्या हातातून कुणी तरी तो घेतला. लोकांना वाटलं सांडला. मांडवात हसू झालं. फक्त मला दिसलं, आणि भुवीला. पाणी खाली पडलंच नाही. तिची नजर टेबलापुढं खाली गेली आणि तिथंच खिळली. हसण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मी जवळ जाऊन हळूच इंग्रजीत म्हटलं, शाळेत म्हणायचो तसं, थँक यू, भुवनेश्वरी.

ती पाच मिनिटांत गाडीत बसली. मागच्या सीटवर ती एकटी नव्हती.

१ मे

दोन भाकरी, येसराची आमटी, कच्चा कांदा. लक्ष्मम्मा म्हणाल्या, हळू खा बाई, ठसका लागंल. पायरी रिकामी. दुपारभर दार उघडं टाकून बसले.

४ मे

भुवीचा फोन. आवाज वाळलेल्या पाचोळ्यासारखा. घास जात नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही, गेटच्या आत ती बसलेली आहे, वॉचमनला दिसत नाही. विचारत होती, रंजू, तू कशी सुटलीस?

मी म्हटलं, मी कशात होते?

फोन ठेवून वाटीभर शेंगाचटणी घेतली आणि भाकरीबरोबर पुसून खाल्ली.

६ मे

पुन्हा फोन. या वेळी रडत होती. गेटवर नोटांची बंडलं ठेवली, गिरिजाबाई हात लावत नाहीत. नक्की काय मागतात ते तिला माहीत नाही, कारण त्या चार दिवसांत ती एकदाही ऐकायला बाहेर आली नव्हती. म्हणाली, तुला ठाऊक असणार. सांग. तुझे अकरा लाख चाळीस हजार आज, आत्ता, याच क्षणी भरते. त्या बाईचेही भरते. फक्त काय हवंय ते सांग.

एक शब्द. बेबाकी. तेवढा उच्चारला असता तर ती सुटली असती, मी सुटले असते, अर्पितावरचं माझं ओझं गेलं असतं. शब्द जिभेवर होता.

मार्चमध्ये तिच्या केबिनमध्ये मी उभी होते. तिनं बस म्हणूनही म्हटलं नव्हतं. कर्जाचं काय म्हटल्यावर म्हणाली होती, रंजू, सही तर तू तुझ्या हातानं केलीस ना?

मी फोनवर म्हटलं, भुवी, पाणी तर तू तुझ्या हातानं दिलंस ना?

आणि फोन बंद करून टाकला. देवा, किती गोड वाटलं.

९ मे

भुवी गेली. काल दुपारी. पाण्याचा पेला तोंडाशी होता म्हणे.

मी आंघोळ केली. धुतलेलं पातळ नेसले. रडायला येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. शिरा केला. साजूक तुपातला.

१० मे

बारा वाजले. पायरीवर—

नाही. ऊन डोळ्यांवर आलं असेल.

११ मे

ऊन नव्हतं. गिरिजाबाई परत आल्या आहेत. लक्ष्मम्मांना हाक मारली. त्या अंगणात आल्या नाहीत, भिंतीपलीकडूनच बोलल्या. म्हणाल्या, बाई, देणं कबूल केलेली मेली. न फेडता मेली. आता कुनाकडं येनार ती? वारसाच्या आधी जामीन धरत्यात. गिरिजाच्या कागदाला जामीन कोन हाय?

मी सांगितलं.

भिंतीपलीकडे त्यांची पावलं मागं सरकली.

१२ मे

गिळवत नाही. पेजही नाही. आता सकाळीसुद्धा ती असते. पायरीवर नाही. उंबऱ्याच्या आत.

पतसंस्थेत फोन केला. गिरिजाबाईंचे व्याजासकट तीन लाख दहा हजार. बेबाकी हवी तर एकरकमी. माझ्याजवळ चौदाशे रुपये आहेत.

अकरा लाख चाळीस हजार ती आत्ता भरणार होती. याच क्षणी. गिरिजाबाईंचेही. मी फोन बंद केला.

१४ मे

आज दोघी आहेत. दुसरी पाठमोरी. इरकल साडी, अंगावर दागिना नाही. लक्ष्मम्मांच्या घराला कुलूप. मुलं येत नाहीत. पाणी घशात—

तिनं मान वळवली. भुवी. पण बोलत नाही. नुसती हात पुढं करून— काय मागते? मी तिचं काय लागते? तो शब्द मागते. तो एक शब्द. आता सांगून काय—

सांगितला. मोठ्यानं सांगितला. दहा वेळा. तिला ऐकू येत नाही.

१५ मे

अर्पिताचा फोन. आई, आवाज असा का, मी निघाले. नको म्हटलं. निघाली. उद्या सकाळी पोचेल.

लक्ष्मम्मांनी त्या दिवशी भिंतीपलीकडून आणखी एक सांगितलं होतं, जाण्याआधी. देणं वारसाकडं उतरतं. मागं राहिलेल्यातलं काहीही वारसानं घेतलं, की देणंही घेतलं. परक्यांना बाधत नाही.

म्हणून लिहून ठेवते. हात पुरेल तोवर. ज्याला ही वही सापडेल त्यानं अर्पिता यायच्या आत—

शिवणयंत्र लक्ष्मम्मांना. त्यांच्या धपाट्यांचं ऋण आहे.

शब्दकोश आणि इंग्रजीची सगळी पुस्तकं सोनालीला. हुशार आहे. तिला म्हणावं उच्चार मोठ्यानं कर.

पितळेची घागर, पातेली, गॅस — ज्याला हवं त्याला. विकून नका ठेवू. पैसे कुणी सांभाळून ठेवू नका.

शिवप्रसादांचं घड्याळ स्टँडवरच्या त्या कंडक्टरला. हसऱ्या तोंडाचा आहे.

माझी रेशमी साडी जाळा. अर्पितासाठी ठेवलेली होती म्हणूनच जाळा. तिचा लहानपणीचा फोटो माझ्या हातात आहे तो माझ्याबरोबरच जाऊ दे. काढून घेऊ देऊ नका तिला.

अर्पिताला काही नाही. एक चमचा नाही. हेअरपिनसुद्धा नाही. ती मागेल. लहानपणापासून तिला माझ्या उशीचा अभ्रा लागतो झोपायला, तो मागेल. देऊ नका. ती रागावेल, म्हणेल आईनं गावाला सगळं वाटलं आणि मला— रागावू दे. तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. दोघी आता पलंगाजवळ— तिला एवढंच सांगा, की आईनं तुला काही दिलं नाही कारण आईला तू